फार्मसीच्या पोरांना बीएलएस शिकवायचंय? आधी हात, मग गोळ्या

बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत मामांच्या मेडिकलवर बसायचे. चोपडा तालुक्यातलं गाव, मे महिना, दुपारचे दोन. बाहेरच्या बाकड्यावर बसलेले एक बाबा एकदम बाजूला कलंडले. मी काय केलं? मागे वळून रॅककडे बघितलं. सॉर्बिट्रेटची (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती गोळी) स्ट्रिप काढली, तेवढ्यात कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल हुंगवायला पुढे केली, शेजारच्या रसवंतीवाल्याने तोंडावर पाणी मारलं आणि उरलेला तांब्या सरळ बाबांच्या तोंडाला लावला. नशीब, उन्हाची चक्कर होती, पाच मिनिटांत बाबा उठून बसले आणि आम्हालाच विचारायला लागले की गर्दी कशाची. पण एवढ्या सगळ्या धावपळीत बाबांचा श्वास चालू आहे का, हे एकानेही बघितलं नव्हतं. मी तर फार्मसी शिकत होते.

आता मी स्वतः डी.फार्मच्या पोरांना शिकवते आणि कॉलेजात बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबलेल्याला जागेवरच करायची मदत) ट्रेनिंग लावायचं काम माझ्याच गळ्यात असतं. पहिलं ट्रेनिंग पार फसलं होतं, ते कसं ते खाली येईलच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांतून नवीन लागलेले सर-मॅडम विचारत असतात की हे कसं करायचं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

१) कोणाला, किती शिकवायचं ते आधी ठरवा

डी.फार्मच्या ईआर-२०२० (एज्युकेशन रेग्युलेशन्स २०२०) सिलॅबसमध्ये पहिल्या वर्षाच्या सोशल फार्मसीच्या प्रॅक्टिकलमध्येच फर्स्ट एड आणि बीएलएस आहे, सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं), घशात अडकणं, एईडी (हृदयाला शॉक देणारं मशीन), सगळं. त्यामुळे प्राचार्यांना "एक्स्ट्रा ॲक्टिव्हिटी" म्हणून विनवण्या करू नका, सिलॅबसचं पान उघडून टेबलावर ठेवा. बहुतेक ठिकाणी हे प्रॅक्टिकल जर्नलमध्ये आकृती काढून संपतं, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

आपल्याकडे इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी कोल्स नावाची सोपी पद्धत काढलीय, कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट. ओळखा, मदत बोलवा, छाती दाबा, दवाखान्यात न्या, तोंडाने श्वास द्यायची भानगड नाही. डी.फार्म पहिल्या वर्षाला मी आधी एवढंच पक्कं करून घेते आणि मगच श्वास, मास्क, एईडीकडे जाते. बी.फार्म शेवटचं वर्ष किंवा फार्म.डीची मुलं असतील, ती वॉर्डात जातात, त्यांना पूर्ण बीएलएस द्या, नाडी बघण्यासकट. एकाच दिवसात सगळ्यांना सगळं द्यायला गेलं की कोणाच्याच हाताला काही लागत नाही.

२) शिकवणारा माणूस बघा, कार्ड नंतर

आमची पहिली चूक इथेच झाली. एकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, दीडशे पोरं असली तरी चालतील, दोन तासात सगळ्यांना सर्टिफिकेट". आम्ही खूश. ते आले, एकच मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घेऊन आले, त्यातल्या फुग्याच्या पिशव्या विसरून आले, दीड तास स्लाइड दाखवल्या, शेवटी पाच-सहा मुलांनी स्टेजवर जाऊन दोन-दोनदा छाती दाबली, फोटो निघाले, संपलं. आमचं बॅनर मात्र फार सुंदर छापलं होतं.

म्हणून फोनवरच हे विचारून घ्या: मॅनिकिन किती आणणार, इन्स्ट्रक्टर किती येणार, प्रत्येक मुलाला पूर्ण दोन मिनिटं दाबायला मिळतील का, आणि स्लाइड कोणत्या सालच्या. शेवटचा प्रश्न उगाच नाही. जागतिक गाइडलाइन दर पाच वर्षांनी मोठ्या प्रमाणात बदलतात, २०१० ला एबीसी जाऊन सीएबी आलं, म्हणजे आधी छाती मग श्वास, तरी अजून आपल्याकडच्या काही पुस्तकांत एबीसीच छापलेलं असतं. २०२५ ला घशात अडकल्यावर काय करायचं तेही बदललं, ते पुढे सांगते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड, म्हणजे बीएलएसचं सर्टिफिकेट, हवं असेल तर त्यांच्या अधिकृत ट्रेनिंग सेंटरकडूनच घ्यावं लागतं, ते दोन वर्षं चालतं, आणि हात न लावता "घरपोच" मिळणारं कार्ड म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. कार्ड परवडत नसेल तर नको. जवळच्या सिव्हिलमधले किंवा मेडिकल कॉलेजचे भूलतज्ज्ञ विचारून बघा, रीतसर पत्र दिलं तर बरेच जण येतात, आणि त्यांच्यासारखं कोणी शिकवत नाही कारण हे त्यांचं रोजचं काम आहे.

३) तारीख आणि खोली

एप्रिल-मे विसरा. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या हॉलमध्ये दोन मिनिटं छाती दाबणाऱ्या पोरालाच चक्कर येईल, आणि तुमच्याकडे मॅनिकिनशिवाय खरा पेशंट पण तयार होईल. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

खोली रिकामी हवी, बेंच बाजूला. फरशीवर गुडघे टेकून काम आहे म्हणून सतरंज्या आदल्या दिवशीच मागवा. मुलींना आधीच सांगा की ओढणी पिनअप करून किंवा ॲप्रन घालून या, साडी डे त्याच दिवशी ठेवू नका (आमच्याकडे ठेवला होता). लाइट जाणारच असं धरून चाला, प्रोजेक्टरवर काहीही अवलंबून ठेवू नका.

प्रॅक्टिकलची २० जणांची बॅच असते तीच पकडा. चार मॅनिकिन असले की एकाला पाच जण. प्रत्येकी दोन मिनिटं म्हटली तर एक फेरी दहा मिनिटांत होते, म्हणजे तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बोलणं-चालणं धरूनही प्रत्येकाचे चार-पाच वेळा हात चालतात. ६० जणांना एकदम बसवलं की मागच्या ४० जणांचं मोबाइल ट्रेनिंग होतं.

४) सामान

– अर्ध्या धडाची मॅनिकिन, शक्यतो दाबल्यावर टक् आवाज येणारी किंवा लाइट लागणारी. विकत घ्यायची नसतील तर मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेजकडून दिवसभरासाठी मागा.
– फुफ्फुसाच्या जागी लागणाऱ्या पिशव्या, जास्तीच्या. फोनवर दोनदा आठवण करा.
– एईडी ट्रेनर, म्हणजे खोटा, शॉक न देणारा.
– पॉकेट मास्क, फेस शील्ड, स्पिरिटचे स्वॅब, ग्लोव्हज.
– मोबाइलवर मेट्रोनोम ॲप (एका लयीत टकटक करणारं), मिनिटाला ११० वर लावलेलं. एक स्टॉपवॉच.
– एक जुना ब्लाउज-ओढणी किंवा कुर्ता, कशाला ते पुढे कळेल.
– कापसाच्या घट्ट उशा.

उशीबद्दल थोडं. आपण कापसाच्या मुलखातले, घरोघरी गच्च भरलेली उशी मिळते, आणि मॅनिकिन कमी असतील तर रांगेत थांबलेल्या पोरांना उशीवर लय पकडायला बसवता येतं. पण किती खोल दाबलं ते उशीवर अजिबात कळत नाही. उशी दाबायला फारच सोपी असते, तिच्यावर शिकलेला पोरगा खऱ्या छातीवर निम्माही दाबणार नाही. लयीपुरती उशी, बाकी मॅनिकिन.

५) कागदपत्रं

– प्राचार्यांची परवानगी, सिलॅबसच्या उल्लेखासकट.
– येणाऱ्या डॉक्टरांना पत्र, त्यांच्या संस्थाप्रमुखांच्या नावे. सरकारी असतील तर किमान पंधरा दिवस आधी.
– विद्यार्थ्यांची यादी, नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे, नाहीतर सर्टिफिकेटवरची स्पेलिंग बदलत बसाल.
– एक साधा तब्येतीचा फॉर्म: गरोदरपण, पाठीचं दुखणं, हाताला प्लास्टर, नुकतंच ऑपरेशन. अशांनी बसून बघायचं, एईडी चालवायचं, १०८ ला फोन लावायचा, पण छाती दाबायची नाही.
– आधीची आणि नंतरची दहा-दहा प्रश्नांची टेस्ट, हजेरी, फीडबॅक.

६) पहिला अर्धा तास: रॅककडे बघायचं नाही

फार्मसीच्या मुलांना शिकवणं आणि बाकीच्यांना शिकवणं यात फरक इथे आहे. यांना औषधं माहिती असतात. माणूस पडला की यांचा हात ड्रॉवरकडे जातो, जसा माझा गेला होता. सॉर्बिट्रेट ठेवू का, डिस्प्रिन देऊ का, ओआरएस पाजू का. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, गोळी काहीच घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि सॉर्बिट्रेटने बीपी पडतं, कोसळलेल्या माणसाचं बीपी काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, त्याने आदल्या रात्री सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध, दोन्ही मिळून बीपी फारच पडतं) घेतलीय का तेही माहीत नाही. हे यांना फार्माकॉलॉजीत शिकवलेलं असतं बरं का, पेपरात बरोबर लिहितात, काउंटरवर विसरतात.

मी काय करते, सुरुवातीलाच टेबलावर पाचसहा स्ट्रिपा, ग्लुकोजचा डबा, कांदा आणि एक चप्पल मांडून ठेवते आणि एका पोराला सांगते, हा समोर पडलाय, कर काय करायचं ते. शंभरातला एखादाच खाली बसून श्वास बघतो. वर्ग हसतो, आणि मग शिकवायला सोपं जातं.

आमच्या मॅनिकिनचं नाव पोरांनी "जिभाऊ" ठेवलंय. त्याचे नाकडोळे गोऱ्या माणसाचे का असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. पहिलं मॅनिकिन १९६० ला नॉर्वेतल्या लार्डाल नावाच्या खेळणीवाल्याने बनवलं आणि त्याला पॅरिसच्या नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून चेहरा दिला होता, एवढी गोष्ट सांगितली की वर्ग शांत होतो.

मग क्रम. आधी जागा सुरक्षित आहे का. शेतात मोटारीच्या स्टार्टरजवळ माणूस पडला असेल तर आधी मेन स्विच बंद, नाहीतर दुसरा तुम्हीच. मग दोन्ही खांद्यांवर थापटून मोठ्याने हाक. पुस्तकी "आर यू ओके" म्हणायला लावू नका, ज्या भाषेत पोरगं घरी बोलतं त्या भाषेत. "जिभाऊ, ओ जिभाऊ, काय व्हयनं?" असं ओरडताना आमची पोरं खरंच ओरडतात, इंग्रजीत पुटपुटतात. नंदुरबारकडची मुलं पावरीत हाक मारतील, मारू द्या.

उत्तर नाही तर एकाला बोट दाखवून सांगायचं, "तू, निळा शर्ट, १०८ लाव". "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. मोबाइल स्पीकरवर. आणि पत्ता सांगायची वेगळी प्रॅक्टिस घ्या, खरंच घ्या: गाव, तालुका, जिल्हा, मोठी खूण. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव ही नावं किती तालुक्यांत आहेत ते मोजा, नुसतं "वडगावला या" म्हटलं तर गाडी भलतीकडेच.

मग छाती आणि पोट बघत श्वास. दहा सेकंदांच्या आत. इथली सगळ्यात मोठी फसगत म्हणजे आचके. हृदय थांबलेला माणूस सुरुवातीला मधूनमधून तोंड उघडून आचके देतो, घरघर आवाज येतो, आणि लोक म्हणतात "आहे की श्वास". तो श्वास नाही. आचके म्हणजे छाती दाबायला सुरुवात. फिटचंही तसंच, हृदय थांबतानाही थोडा वेळ झटके येऊ शकतात, झटके थांबल्यावर श्वास परत बघायलाच हवा.

नाडीवर फार वेळ घालवू नका. मानेची नाडी दाखवा, दहा सेकंदांची मर्यादा सांगा, नक्की कळली नाही तर दाबायला लागायचं.

७) हात

आता खरं काम, आणि निम्मा वेळ इथेच गेला पाहिजे.

छातीच्या मधोमध, उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडातून नाही, कमरेतून. खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे शेवटचं पोरांना पटत नाही, घाईत वर अर्धवट सोडून परत दाबतात. मी हापशाचं उदाहरण देते. हापशाचा दांडा अर्धाच हलवत राहिलं तर पाणी येतं का? हृदयात रक्त भरायला जागा मिळाली तरच पुढच्या दाबाला बाहेर जाईल. हापसा सगळ्यांनी मारलेला असतो, लगेच डोक्यात बसतं.

मोजण्याची गंमत सांगते, हे मला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. मराठीत एक ते तीस मोठ्याने मोजायला लावलं की पहिल्या दहापर्यंत वेग मस्त असतो, पुढे "एकोणीस", "अठ्ठावीस", "एकोणतीस" असे लांब लांब शब्द येतात आणि हात जिभेच्या मागे थांबतो. एका दाबाला अर्धा सेकंदच मिळतो, त्यात "एकोणतीस" बसत नाही. तेव्हापासून आम्ही एक ते दहा तीनदा मोजतो, पहिलं दहा, दुसरं दहा, तिसरं दहा. स्टॉपवॉच लावा: तीस दाब १५ ते १८ सेकंदांत झाले पाहिजेत. १५ च्या आत संपले तर फार जोरात पळतोय, १८ च्या वर गेले तर झोपलाय.

दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, थकला असो वा नसो. जिममध्ये जाणारी पोरं म्हणतात "मॅडम मी करतो अजून", त्यांना करू द्या आणि मॅनिकिनचा टक् आवाज ऐकायला सांगा. दीड-दोन मिनिटांत आवाज बंद होतो आणि त्यांना वाटत असतं की आपण अजून तितकंच दाबतोय. हे सांगून पटत नाही, ऐकूनच पटतं. बदलताना दहा सेकंदांपेक्षा कमी खंड, दुसरा समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार.

सक्त ताकीद: जिवंत मित्राच्या छातीवर प्रॅक्टिस कधीच नाही, मजेतही नाही, रीलसाठी तर नाहीच. एकमेकांवर फक्त हाक मारणं, श्वास बघणं आणि कुशीवर वळवणं. कुशीवर वळवताना मुलगे-मुलगे, मुली-मुली अशा जोड्या लावा, उगाच अवघडलेपण नको.

पण मॅनिकिनवर मात्र अवघडलेपण मोडायलाच हवं. बहुतेक मॅनिकिन पुरुषी छातीची असतात, आणि प्रत्यक्षात बाई पडली की पोरं हात लावायला कचरतात, आजूबाजूचे काय म्हणतील म्हणून. म्हणून तो ब्लाउज-ओढणी. एका फेरीत जिभाऊची जिजी करायची आणि तसंच दाबायला लावायचं. पहिल्यांदा खिदळतात, दुसऱ्या फेरीला कोणी हसत नाही.

८) श्वास आणि एईडी

तीस दाब, दोन श्वास. कपाळ मागे, हनुवटी वर, एक श्वास एक सेकंदाचा, छाती उठलेली दिसली की बास. जोरात फुंकलं की हवा पोटात जाते. मास्क नसेल किंवा मन होत नसेल तर नुसतं दाबत राहा, पण लहान मूल असेल किंवा विहिरीतून, तापीतून काढलेला माणूस असेल तर श्वासाला फार महत्त्व आहे हे ठासून सांगा. आणि फवारणीचं औषध पिलेल्याच्या तोंडाला तोंड लावायचं नाही, ते विष तुमच्या पोटात येतं. ग्लोव्हज घाला, त्याच्या अंगावरचे कपडे काढा, दाबा.

एईडी आपल्या तालुक्याच्या गावात कुठे आहे, असं पोरं विचारतात, बरोबरच विचारतात. तरी शिकवा, यातली निम्मी पोरं पुणे-मुंबई-सुरतला नोकरीला जातात. मशीन चालू करायचं आणि ते सांगेल ते ऐकायचं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बाजूला. घाम पुसून. शॉकच्या वेळी कोणी हात लावायचा नाही, शॉक झाला की लगेच छाती, मशीनकडे बघत बसायचं नाही.

९) घशात अडकणं

माणूस खोकतोय तोवर खोकू द्या, पाठीवर बुक्के मारू नका. आवाजच निघत नसेल, गळा धरला असेल, तर २०२५ पासून मोठ्यांसाठी आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, परत तेच. जुन्या स्लाइडमध्ये नुसते पोटाचे झटके असतील. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर कधीच नाही, पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब. आणि दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालायचं नाही, शेंगदाणा अजून आत जातो.

१०) परीक्षा, आणि तीन महिन्यांनी

लेखी टेस्टवर विश्वास ठेवू नका, सगळ्यांना नव्वद टक्के पडतात. एकेकाला बोलवा, दार उघडताच समोर जिभाऊ पडलेला, तुम्ही काही बोलू नका, हातात चेकलिस्ट घेऊन उभ्या राहा. जागा, हाक, १०८, श्वास, किती सेकंदांत पहिला दाब पडला, तीस दाबांना किती वेळ. माझ्याकडे गेल्या वर्षी टॉपर पोरगी सगळं पाठ म्हणून दाखवत होती, "सर्वप्रथम सीन सेफ्टी" वगैरे, आणि जिभाऊ तसाच पडून. मागच्या बाकावरचा, घरची केळीची वखार सांभाळून कॉलेजला येणारा पोरगा एक शब्द न बोलता सतरंजीवर गुडघे टेकून मोकळा.

हाताची सवय तीन ते सहा महिन्यांत जाते. म्हणून दर तीन महिन्यांनी एका प्रॅक्टिकलच्या शेवटी दहा मिनिटं, प्रत्येकाला दोन मिनिटं, बास, वेगळा कार्यक्रम नको, दीपप्रज्वलन नको.

एवढ्यासाठी मॅनिकिन हाताशी पाहिजे. वापरल्यावर तोंड स्पिरिटने पुसायचं, पिशवी बदलायची, बॅगेत घालून पत्र्याच्या कपाटात ठेवायचं, लाकडी कपाटात उंदीर पिशव्या खातात, आमच्या दोन खाल्ल्या. आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे ठेवा, एचओडींच्या ड्रॉवरमध्ये नको, ते रजेवर गेले की जिभाऊ महिनाभर आतच.